जनुकाच्या आधीची जागा

पऱ्याला धरण घातलं की आमच्याकडे वायंगणाचे, म्हणजे उन्हाळी भाताचे, दिवस सुरू होतात. धरण म्हणजे फार मोठं काही नाही. पावसाळा सरला की ओढ्यात दगड, फांद्या आणि चिखल रचून पाणी अडवायचं, आणि ते पाटाने खालच्या कुणग्यांना द्यायचं. कुणगा म्हणजे भाताचा लहानसा तुकडा. फाल्गुनापर्यंत बाकीचा सगळा डोंगर वाळून पिवळा पडलेला असतो आणि मधेच हे चार-सहा हिरवे तुकडे दिसतात. तिकडून वारा आला की ओल्या चिखलाचा आणि कोवळ्या भाताचा वास येतो. लोकांना तो आवडतो. मला मात्र तो नकोसा होतो, कारण त्याच दिवसांत आमच्या रत्नागिरीच्या कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षेचं वेळापत्रक लागतं.

गेल्या वर्षी त्या परीक्षेत मी तीन गुणांनी नापास झाले. लेखी पेपर सगळे सुटले होते. एवढं एक राहिलं, आणि तीन गुणांसाठी वर्ष गेलं. यंदा पहिल्यांदा पाट वाहता झाला, तेव्हा मी अंगणात कपडे वाळत घालत होते. पाण्याचा आवाज आला आणि माझा हात तसाच दोरीवर राहिला. त्या दिवसांबद्दल लिहून काही उपयोग आहे का, मला माहीत नाही. पण मनातून जात नाही, म्हणून लिहिते.

आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नाही. बाबा मुंबईत कपड्याच्या दुकानात आहेत, आई त्यांच्याजवळ असते. काकाही मुंबईलाच. गावी घर, गुरं आणि वायंगण बघायला काकी, आणि तिच्या सोबतीला मी. रोज सकाळी एसटीने कॉलेजला जायचं, दुपारच्या गाडीने परत. नापास झाल्यावर बाबांचं आंतर्देशीय पत्र आलं. बाबा रागावून लिहीत नाहीत. त्यांनी लिहिलं होतं, "अजून एक वर्ष बघ. नाही जमलं तर वाईट वाटून घेऊ नको. काकीच्या भावाने मिरजोळ्याच्या एका कारखान्यात पॅकिंगच्या कामासाठी शब्द टाकून ठेवला आहे." वाईट वाटून घेऊ नको, हे वाक्य मी किती वेळा वाचलं असेल. रागावले असते तर बरं झालं असतं.

मला वनस्पतिशास्त्र आवडतं. हे सांगतानाही मला चाचरायला होतं, कारण आमच्याकडे आवडतं म्हणून कोणी शिकत नाही. तिसऱ्या वर्षाला सरांनी जनुकांचा भाग शिकवायला घेतला तेव्हा मी पहिल्या बाकावर बसायला लागले. सरांनी फळ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ ओढली आणि म्हणाले, हा डीएनए. यावर चारच अक्षरं आहेत, ती पुन्हापुन्हा येतात. त्यातला एवढा तुकडा म्हणजे एक जनुक. आरएनए पॉलिमरेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, येतं, जनुक वाचत जातं आणि त्याची आरएनएमध्ये नक्कल करतं. त्या नकलेवरून पेशी प्रथिन बनवते.

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी लिहायची थांबले. भाताच्या मुळाच्या पेशीत आणि लोंबीच्या पेशीत डीएनए तोच असतो. तीच अक्षरं, त्याच क्रमाने. तरी मूळ मूळच राहतं आणि लोंबीत दाणा भरतो. कारण कुठलं जनुक कुठे वाचलं जायचं आणि किती वाचलं जायचं, ते ठरलेलं असतं. कोण ठरवतं? सरांनी रेघेवर, जनुकाच्या थोडं आधी, खडूने एक चौकोन काढला. तेवढ्यात घंटा झाली. "हे पुस्तकातून काढून घ्या," असं म्हणून सर गेले.

ते पुस्तक ग्रंथालयात एकच होतं, इंग्रजी, जाड, घरी न मिळणारं. दुपारच्या गाडीला चाळीस मिनिटं असायची. मी रोज धावत जायची आणि त्या चाळीस मिनिटांत जेवढं होईल तेवढं वहीत उतरवायची. माझी शाळा मराठी माध्यमाची. इंग्रजी वाक्य मी अर्थ लावत लिहीत नसे, चित्र काढावं तसं काढून घेत असे. अर्थ घरी कंदिलाजवळ बसून शब्दकोशातून.

त्या चाळीस मिनिटांत माझ्या हातून एक चूक झाली. ती सांगितली तर कोणी हसेल. पुस्तकात एक आकृती होती. मधे एक बाण, तिथे जनुकाची नक्कल सुरू होते. बाणाच्या उजवीकडे जनुक. डावीकडे काही चौकोन आणि उणे दहा, उणे पस्तीस असे आकडे. मी वहीचं पान उघडलं आणि बाण काढला तो अगदी समासाच्या लाल रेघेला चिकटून. सुरुवात आहे ना, मग ती समासापासूनच. उजवीकडचं सगळं नीट उतरवलं. डावीकडच्या चौकोनांसाठी जागा उरली ती फक्त समासात. आणि समासात लिहायचं नसतं. आमच्या गावच्या शाळेत समासात अक्षर गेलं की गुरुजी पट्टी मारायचे, आणि तो समास गुरुजींचा आहे, असं सांगायचे. एकोणीस वर्षांची मी, ग्रंथालयात एकटी, कोणी पट्टी घेऊन उभं नव्हतं. तरी माझा हात त्या रेघेच्या डावीकडे गेला नाही. मी मनात म्हटलं, ते सुरुवातीच्या आधीचं आहे, म्हणजे महत्त्वाचं नसेल. परीक्षेपर्यंत मी ती अर्धी आकृती घोटत राहिले. जनुक मला अक्षर न् अक्षर पाठ होतं.

परीक्षेच्या दिवशी कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाईड माझी चांगली झाली होती. लाल रंगात गुणसूत्रं स्पष्ट दिसत होती. मग तोंडी परीक्षा. बाहेरून आलेले परीक्षक खुर्चीत, शेजारी आमचे सर. परीक्षकांनी इंग्रजीत विचारलं. मी मराठीत सांगते. "समज, एक जिवाणू आहे. त्यातलं एक जनुक पूर्ण शाबूत आहे. एकही अक्षर बदललेलं नाही. तरी त्याचं विकर थेंबभरसुद्धा तयार होत नाही. काय झालं असेल?"

मी म्हटलं, "जनुक बिघडलं असेल, सर."

"मी आत्ताच सांगितलं, जनुक शाबूत आहे."

मी पाठ केलेलं सगळं डोळ्यांपुढून गेलं. त्यात शाबूत असूनही न चालणारं काही नव्हतं. मी म्हटलं, "मग त्या जिवाणूत ते जनुकच नसेल."

ते हसले. वाईट हसले असं नाही म्हणणार. थकलेला माणूस हसतो तसं. मग सरांकडे वळून म्हणाले, "पाठांतर छान आहे हो तुमच्या मुलांचं." सरांनी टेबलाकडे बघितलं. मी "थँक यू, सर" म्हणून उठले. थँक यू कशाबद्दल, देव जाणे.

बाहेर शुभदा उभी होती. ती माझी वर्गमैत्रीण, गावातल्या डॉक्टरांची मुलगी. मी तिला प्रश्न सांगितला. ती लगेच म्हणाली, "अगं, प्रमोटर! प्रमोटरमध्ये बदल झाला असेल." तिच्या भावाने एम.एस्सी. केलंय. त्याच्या वह्या तिच्याकडे होत्या. मी विचारलं, "प्रमोटर कुठे असतो?" तिला वाटलं मी चेष्टा करतेय.

दोन दिवसांनी मी कुणग्यात उभी होते. आमचा कुणगा पाटाच्या अगदी शेवटी आहे. त्या आठवड्यात आमची पाण्याची पाळी होती आणि तरी भाताचे शेंडे पिवळे पडायला लागले होते. काकी गुरांच्या मागे होती म्हणून तिने मला बघायला पाठवलं. मी बांध पायाखाली दाबत चारही बाजूंनी फिरले. कुठे गळत नव्हतं. चिखल हातात घेऊन बघितला, मुळं उपटून बघितली, कीड आहे का ते बघितलं. डोक्यावर ऊन तापत होतं. सगळं ठीक होतं आणि भात वाळत होतं. परीक्षेचा अपमान अजून अंगात होता, आणि आता हे एक. मी रागाने एक ढेकूळ उचलून पऱ्यात भिरकावलं.

"काय गो, कालेजात गवसलं न्हाय ते कुणग्यात शोधतेस?" काकी मागून आली होती.

"पाणी कुठे जातंय तेच कळत नाही. बांध सगळा बघितला."

"बांध बगून काय करतेस? आत आलेलं पानी बांधातनं जाईल. आतच येत न्हाय, त्याला बांध काय करील?"

असं म्हणून ती कुणग्यात उतरलीच नाही. पाटाच्या कडेने वर चालत गेली. आमच्या कुणग्याला पाणी मिळतं ते दोन चिऱ्यांमधल्या फटीतून. तिला आम्ही तोंड म्हणतो. प्रत्येक कुणग्याचं तोंड किती रुंद, ते जुन्या लोकांनी ठरवलेलं आहे. शेजाऱ्यांचं वीतभर, आमचं चार बोटं. तेच पाणी, तेच बियाणं, तरी त्यांचं भात दर वर्षी आमच्यापेक्षा भरलेलं. काकी तोंडाच्याही वर दोन हातांवर थांबली, खाली बसली आणि पाटाच्या कुशीत खांद्यापर्यंत हात घातला. किरव्याने बीळ केलं होतं. किरवा म्हणजे आमच्याकडचा गोड्या पाण्यातला खेकडा. पाटाचं पाणी त्या बिळातून थेट पऱ्यात चाललं होतं. तोंडापर्यंत पोचतच नव्हतं.

"कुणग्याला काय धाड भरली न्हाय," काकी म्हणाली. "कुणगा सोन्यासारखा हाय. आदी वर बगायचं."

मी पाटातच खाली बसले आणि रडायला लागले.

"ऊन लागलं काय गो? का किरव्याला भ्यालीस?"

"काकी, उत्तर सापडलं."

"कोणाला द्यायचंय?"

"परीक्षकांना."

"ते हायत कुठं आता?"

"मुंबईला गेले."

"मग गप ऱ्हा आनि चिखल दे इकडं."

मी चिखल दिला. काकीने बीळ बुजवलं, आणि किरवा पदरात बांधून रात्रीच्या कालवणाला घेऊन गेली. मी तिथेच बसून राहिले. दोन दिवस. फक्त दोन दिवस उशीर. पाळी आमची दोन दिवस आधी आली असती तर? असले विचार मूर्खपणाचे असतात हे मला कळतं, पण वर्षभर मी तेच केले. चीड मला कोणाची येत होती तेही नीट सांगता येत नाही. परीक्षकांची नाही, त्यांचा प्रश्न चांगला होता. गुरुजींचीही नाही, ते आता वारले. खरं तर मला या गोष्टीची चीड आली की ते उत्तर मी लहानपणापासून रोज ओलांडून जात होते, आणि ते उत्तर आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

निकाल लागल्यावर मी ग्रंथालयात गेले, तेच पुस्तक काढलं आणि तीच आकृती. या वेळी समासात लिहिलं. प्रमोटर म्हणजे जनुकाच्या आधीचा डीएनएचा तुकडा. पॉलिमरेज आधी तिथे येऊन बसतं, दोन धागे उलगडतं आणि मग पुढे जाऊन नक्कल करायला लागतं. जिवाणूत त्या तुकड्यातली दोन ठिकाणं महत्त्वाची, नक्कल सुरू होते त्याआधी दहा अक्षरांवरचं आणि पस्तीस अक्षरांवरचं. तिथली अक्षरं जुळती असली तर पॉलिमरेज चटकन बसतं, पुन्हापुन्हा बसतं, आणि जनुकाच्या भरपूर नकला होतात. तिथे एखादं अक्षर चुकलं तर पुढचं जनुक कितीही सोन्यासारखं असो, नकला कमी होतात किंवा होतच नाहीत. आणि ज्या तुकड्यावर हे सगळं अवलंबून, तो तुकडा त्या नकलेत कुठेच येत नाही. प्रथिनात त्याचं नावही नसतं.

पाटाचं उदाहरण सगळीकडे चालत नाही, हेही मी स्वतःला बजावलं. पाणी कुणग्यात जातं आणि संपतं. जनुकातून काही जात नाही, ते वाचलं जातं आणि जसंच्या तसं राहतं. पण पुस्तक मिटल्यावर मला चिरे आणि पाणीच दिसतं, त्याला मी काय करू?

मी हे सगळं सरांना जाऊन सांगितलं. सर खुलले. "अगदी बरोबर! अगं, हे त्या दिवशी सांगायचं होतंस."

"त्या दिवशी मला माहीत नव्हतं, सर."

"बरं, पुढच्या वर्षी सांग. फक्त तिथे पाट आणि खेकडे काढून बसू नकोस हां. इंग्रजीत, दोन वाक्यांत."

मग मी ती दोन वाक्यं तयार केली. सरांनी तपासून दिली. वर्षभर मी ती म्हणत होते. भांडी घासताना, गवत कापताना, एसटीत खिडकीशी बसून. एकदा कंडक्टर म्हणाला, "ताई, स्तोत्र चाललंय काय? आमच्यासाठी पण मागा कायतरी." काकीला तर ती वाक्यं ऐकून पाठ झाली. शेणाने सारवताना ती मधेच "जीन इज इंटॅक" म्हणायची आणि मी म्हणायची, "इंटॅक्ट, काकी." "तेच ते," ती म्हणायची. "पास झालीस की उच्चार सुदार माझं."

कधीकधी वाटायचं, माझंही तसंच आहे. मी शाबूत आहे, पण माझ्या आधीची जागा रिकामी. शुभदाच्या आधी तिचा भाऊ, त्याच्या आधी तिचे वडील. असं म्हणून मला दोन-तीन रात्री बरं वाटलं. मग ते पटेनासं झालं. बाबांनी दुकानात उभं राहून पाठवलेली फी ती काय रिकामी जागा आहे? काकीने माझ्या वाटणीची कामं ओढली, ती? शुभदाने भावाच्या त्या वह्या मला निकालानंतर न मागता आणून दिल्या. आता कशाला, असं मी तिला तोडून म्हटलं होतं. अजून त्याची लाज वाटते. उदाहरण सापडलं की माणूस ते सगळीकडे लावत सुटतो. पण रोज संध्याकाळी घरी येऊन विचारायला कोणी नव्हतं, हेही खरंच आहे. या दोन्हींचा मेळ मला अजून घालता आलेला नाही.

यंदाची परीक्षा गेल्या आठवड्यात झाली. परीक्षक दुसरे होते. दुपारी वीज गेली, पंखे बंद पडले. माझा नंबर येईपर्यंत साडेतीन वाजले होते. परीक्षक कोणाच्या तरी जर्नलने वारा घेत होते. मी समोर बसले. दोन वाक्यं अगदी ओठांवर होती. मिरजोळ्याचा कारखाना, बाबांचं पत्र, सगळं त्या दोन वाक्यांवर टांगलेलं.

त्यांनी माझी स्लाईड बघितली, म्हणाले, "चांगली झालीये." माझं जर्नल उघडलं, चार पानं उलटली, सही केली. "कुठून येतेस?"

मी गावाचं नाव सांगितलं.

"लांब आहे?"

"एसटीने तास लागतो, सर."

"मग नीघ. गाडी चुकेल."

आमच्या सरांनी घसा साफ केला. "सर, हिला प्रमोटरवर काही विचारा ना. तयारी चांगली आहे तिची."

"सकाळपासून बावीस जणांकडून तेच ऐकतोय हो," परीक्षक म्हणाले. मग माझ्याकडे बघून मराठीत, अगदी प्रेमाने म्हणाले, "काळजी नको करू. पास आहेस."

मी उठले नाही. "सर, एक सांगू का?" एवढं माझ्या तोंडून निघालं.

"अगं, दिलेत मार्क. जा आता."

मी उठले. थँक यू म्हटलं नाही, एवढंच वेगळं झालं.

बाहेर पुढच्या नंबरची मुलगी जर्नल छातीशी धरून उभी होती, लांज्याकडची. "काय विचारलं गं?"

"काहीच नाही."

"खरंच? बरं झालं बाई."

"थांब. तुला विचारलं तर सांगते. समज, जनुक शाबूत आहे..."

"पण विचारत नाहीयेत ना?"

"नाही."

"मग कशाला?" ती म्हणाली आणि आत गेली.

घरी सांगितलं तेव्हा काकीने आधी देवापुढे साखर ठेवली. मग म्हणाली, "पास झालीस ना? मग थोबाड असं का?" बाबांना पत्र टाकलं. मिरजोळ्याला काकीने भावाकडे निरोप धाडला की, पोरगी येत नाही. सगळं जसं व्हावं म्हणून वर्षभर धडपडले तसंच झालं होतं, आणि मला कोणीतरी फसवल्यासारखं वाटत होतं.

सरांनी एम.एस्सी.च्या प्रवेशाचा अर्ज मागवून ठेवला होता. तो काल भरायला बसले. नाव, पत्ता, वडिलांचा व्यवसाय. शेवटी एक रकाना होता, हा विषय निवडण्याचे कारण. खाली एकच ओळ. शेवटी सगळे लिहितात तेच लिहिलं, विषयाची आवड. ते खोटं नाही. पण त्या ओळीत राग असं लिहिलेलं चाललं असतं, तर मी तेच लिहिलं असतं.